पट्टीखाली गेलेलं नाव

मुंबईत सिनेमाचं बक्षीस कुणालाही मिळो, शिरूरमध्ये त्याचा जाब मला द्यावा लागायचा. सोमवारी सकाळी दुकानाचं शटर पुरतं वर गेलेलं नसायचं, तोवर पायरीवर कुणीतरी उभं. "दत्ताभाऊ, काल हे काय दाखवलं तुम्ही? त्या बाईला कसं काय बक्षीस दिलं?" जणू ती बक्षिसाची बाहुली मीच पिशवीत घालून मुंबईला पोचवून आलो होतो. सुरुवातीला मी समजावून सांगायचो की बाबांनो, मी फक्त वायर टाकतो. पुढं पुढं ते सोडून दिलं. "चुकलं खरं, पुढल्या वर्षी बघू," असं म्हणायचो आणि माणूस चहा पिऊन समाधानानं घरी जायचा.

मी केबलवाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून पंधरा-सोळा वर्षं शिरूरमध्ये केबल चालवली. आता अंकाच्या संपादकांनी विचारलंय, सिनेमाच्या पुरस्कारांचे हे सोहळे सामान्य रसिकाला अजून भावतात का? पुण्या-मुंबईचे जाणकार त्यावर लिहितीलच. माझ्याकडं मोजायला एकच माप आहे. जी गोष्ट बंद पडली की माणसं दारात येऊन भांडतात, ती त्यांना आवडते. या मापानं शिरूरकरांना दोनच गोष्टी मनापासून आवडायच्या, क्रिकेटची मॅच आणि पुरस्कारांचा सोहळा.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना धंदा थोडक्यात सांगतो. गच्चीवर दोन मोठ्या छत्र्या, म्हणजे डिश. त्या आकाशातून चॅनेल पकडायच्या. खाली दहा बाय दहाची खोली, तिला आम्ही कंट्रोल रूम म्हणायचो. नाव भारदस्त, पण आत एक पंखा, तापलेली मशिनं आणि घामानं डबडबलेला मी. तिथून काळी वायर निघायची ती विजेच्या खांबांवरून, लोकांच्या गच्च्यांवरून, कडुलिंबाच्या फांदीवरून घरोघर जायची. वायर लांब गेली की चित्राला मुंग्या येतात, म्हणून मध्ये मध्ये सिग्नल वाढवणारे डबे बसवलेले. एक डबा भिजला की एक गल्ली आंधळी, माकडं वायरीला लोंबकळली की दोन गल्ल्या.

आणि आमची खरी शान म्हणजे पट्टी. पडद्याच्या तळाशी उजवीकडून डावीकडं सरकणारी अक्षरं. चॅनेल कुठलंही असो, खालची चार बोटं जागा माझी. कंट्रोल रूममधल्या जुन्या संगणकावर मी मजकूर टाइप करायचो आणि तो अख्ख्या गावाच्या टीव्हीवर फिरायचा. कावीळ उतरवण्याचं औषध, हरवलेली म्हैस, उद्या नळाला पाणी नाही, दहावा अमुक दिवशी घाटावर, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे वाढदिवस. गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याला पट्टीवर लखलखायचं असायचं. परदेशातली युद्धं चालू असताना खालून आमचे भावी नगराध्यक्ष हसतमुखानं सरकत जायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट गर्व वाटायचा. पेपर पुण्यात छापतात, पट्टी मी छापतो, असं मी म्हणायचो.

सोहळे बहुतेक थंडीत यायचे आणि आमच्याकडं थंडी म्हणजे उसाचा सीझन. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांवर ऊस इतका उंच रचलेला की वरचे वाढे विजेच्या तारांशी गप्पा मारत जायचे. त्यांत माझी वायर अडकायची. एका वर्षी बरोबर उत्तम अभिनेत्रीचं पाकीट फोडायच्या वेळी हायवेच्या वळणावर एका ट्रॉलीनं माझी मुख्य वायर ओढून नेली. अर्धं गाव काळं. मी मोटारसायकल काढून पोचेपर्यंत चौकात शंभरेक माणसं ट्रॅक्टर अडवून उभी. ड्रायव्हर बीडकडचा, भांबावलेला. मी त्याच्याच उसावर चढलो. जॉइंट करायला लागणारं सामान काही जवळ नव्हतं, म्हणून दातानं वायर सोलली आणि दोन टोकं हातानंच जुळवून धरली. कोपऱ्यावरच्या पानटपरीतला टीव्ही चालू झाला. मला वरून काही दिसत नव्हतं. खालून एकदम आरोळी उठली, तशी मी ओरडलो, "अरे, मिळालं कुणाला?" तर तो ड्रायव्हर टपरीत घुसून टीव्हीपुढं उभा होता. त्यानं तिथूनच मला नाव सांगितलं आणि वर म्हणाला, "दोन मिन्टं आसंच धरा वो भाऊ, तिचं भाषण व्हऊ द्या." दिवसभर ऊस वाहून दमलेला, कारखान्यावर नंबर लागायचा बाकी, तरी त्याला ते भाषण ऐकायचं होतं. मी धरून राहिलो. हाताला मुंग्या आल्या, पण त्या माणसाचं मला फार कौतुक वाटलं.

असेच दुसरे रसिक म्हणजे जगताप गुरुजी. निमोण्याच्या शाळेतून निवृत्त होऊन शिरूरला राहायला आलेले. सोहळ्याच्या आदल्या दिवशी ते माझ्या दुकानात एक बंद पाकीट ठेवायचे. आत त्यांचा स्वतःचा निकाल असायचा, कुणाला बक्षीस मिळायला हवं याचा. वर्षभर सिनेमे पाहून, वहीत गुण देऊन, दहावीचे पेपर तपासावेत तसा तयार केलेला. सोमवारी पाकीट फोडायचं आणि ताडून बघायचं. जुळलं नाही तर गुरुजी म्हणायचे, "तुमच्या केबलवर चुकीचा निकाल लागला." एकदा त्यांनी एका मोठ्या नटाला पस्तीस गुण दिले होते. मी म्हटलं, "गुरुजी, पासावर काढलं?" तर म्हणाले, "रडता येतं त्याला. पण ऐकता येत नाही. समोरचा बोलत असतो तेव्हा हा आपल्या वाक्याची वाट बघत उभा असतो." त्या दिवसापासून मीही सिनेमात ऐकणारी माणसं बघायला लागलो.

एवढं सगळं सांगितलं ते माझा धंदा आणि माझी घमेंड कळावी म्हणून. आता ती घमेंड कशी उतरली ते सांगतो.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. शनिवारी दुपारी इंदूमावशी दुकानात आल्या. इंदूबाई साळवे, शिरूरच्याच वस्तीतल्या, साठीच्या पुढच्या. त्यांचे मालक किसन साळवे तीस वर्षं मुंबईच्या स्टुडिओंमध्ये लाइटमन होते. लाइटमन म्हणजे सिनेमात उजेड पाडणारा माणूस. सेटच्या वर, छताजवळ बांधलेल्या फळ्यांवर तो दिवसभर बसतो. खालून कॅमेऱ्याचा साहेब ओरडला की मणामणाचे तापलेले दिवे फिरवतो. हिरॉइनच्या डोळ्यांत चमक दिसते ती याच्यामुळं, पण पडद्यावर याची सावलीसुद्धा पडता कामा नये. गुडघे गेले तेव्हा किसनराव मावशींना घेऊन गावाला परत आले. माझ्याकडं बिल भरायला यायचे तेव्हा दुकानातली ट्यूबलाइट बघून म्हणायचे, "दत्ताभाऊ, ही लाइट माणसाला आजारी दाखवती." त्याच्या आधीच्याच पावसाळ्यात ते वारले.

मावशी बाकड्यावर बसल्या. "उद्याच्याला लाइन नीट ठेवा, दत्ताभाऊ," त्या म्हणाल्या. "ह्यांचं नाव येनार हाय."

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. किसनरावांच्या जलदानविधीला मुंबईहून लाइटमनच्या संघटनेचे एक गृहस्थ आले होते. सोहळ्यात मध्येच वर्षभरात गेलेल्या कलावंतांना श्रद्धांजली वाहतात, त्यात कामगारांचीही नावं दाखवतात, मी किसनरावांचं नाव कळवतो, असं ते म्हणून गेले होते. मावशींनी तेव्हापासून दिवस मोजले होते.

"तीस वरसं लायटी मारल्या," त्या म्हणाल्या, "पन पिच्चरच्या शेवटी पाटी येती ना नावांची, तिच्यात कवा आलं न्हाई. आमी थेटरात शेवटपत्तूर बसायचो. झाडूवाला हाकलायचा, तवा उठायचो. ह्ये म्हनायचे, आसूं दे, एवढ्या मान्सांची नावं कुठं मावनार. पन उद्या येनार हाय. समदी वस्ती बोलावलीय मी."

मी छाती पुढं काढून म्हटलं, "मावशी, एक मिनिट लाइन बंद पडणार नाही. शब्द माझा."

शब्द मी पाळला, हीच तर गंमत. ट्रॉल्यांच्या वाटेवरची वायर दुपारीच दोन हात वर ताणून घेतली. वीज गेली तर म्हणून जनरेटर भरून ठेवला. संध्याकाळी कंट्रोल रूममध्ये बसून राहिलो. चित्र काचेसारखं स्वच्छ. मात्र त्याच दिवशी गावातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी सांगितलं होतं की एक ओळ पुरणार नाही, साहेबांना शुभेच्छा देणारे फार आहेत. म्हणून मी पट्टी दुप्पट रुंद केली होती. दोन ओळी, लाल जमीन, पिवळी अक्षरं. माझं लक्ष चित्रात मुंग्या येतात का आणि पट्टीत कुणाचं नाव चुकतंय का, यावर. श्रद्धांजली कधी आली, कधी गेली, मला कळलंही नाही. सोहळा संपला तेव्हा मी खूश होतो. एकही तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आधी मोठ्या लोकांचे फोटू आले," त्या म्हणाल्या. "मंग एक दिवा दावला, पेटलेला. आन् त्याच्या खाली, पार तळाला, एकेक नाव येत हुतं. तिथं तुमची पट्टी हुती, भाऊ. दिवा दिसला आन् खाली सायबांचा वाडदिवस."

समोर संगणकावर तीच पट्टी अजून फिरत होती. मी ती बंद केली, तर पडदा एवढा मोठा दिसायला लागला की मलाच कसंतरी झालं.

"आलं आसंल का वो?" मावशींनी विचारलं. "तेवढंच सांगा. आलं आसंल तर माझं काय म्हननं न्हाई. वस्तीतली मान्सं इचारत्यात, आलं का, आन् मला सांगता यीना."

सोहळे आम्ही टेपवर घेऊन ठेवायचो. मी धावत जाऊन टेप लावली. पण ती माझ्याच मशिनातून निघालेली, पट्टी त्यावरही छापलेली. पुढच्या रविवारी चॅनेलनं सोहळा पुन्हा दाखवला. त्या दिवशी मी पट्टी समूळ काढली आणि कार्यकर्त्यांच्या शिव्या खाल्ल्या. मावशी आपल्या घरी टीव्हीपुढं आणि मी इथं. पण पुनःप्रक्षेपण काटछाट केलेलं निघालं. एक नाच संपला आणि थेट पुढचं बक्षीस, मधला दिवा गायब.

मग मला रफिकभाईची आठवण झाली. रफिकभाई दौंडचा केबलवाला, माझ्यासारखाच पट्टीचा शौकीन. फोन लावला. "टेप आहे," तो म्हणाला. "पण पट्टी नाही रे. मशीनच जळालं होतं त्या दिवशी. काय नुकसान झालं सांगू!" त्याचं नुकसान ऐकून झाला एवढा आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही. मोटारसायकल काढली आणि निमोणे, इनामगाव मागं टाकत दौंड गाठलं.

रफिकभाईची कंट्रोल रूम स्टेशनच्या जवळ. मालगाडी गेली की टीव्हीसकट टेबल थरथरायचं. त्यानं टेप लावली. फोटो आले, गेले. मग तो दिवा आला आणि खाली स्वच्छ, पांढऱ्या अक्षरांत नावं. एकेक नाव डोळा मिटून उघडेपर्यंत टिकायचं. मी कागद घेऊन टेप थांबवत थांबवत सगळी उतरवून घेतली. अकरा नावं. त्यात किसन साळवे नव्हतं.

पुन्हा लावली. चार वेळा लावली. अकराच नावं, तीच नावं.

रफिकभाईनं माझ्याकडं बघितलं. "सांगून टाक ना आलं होतं म्हणून," तो म्हणाला. "म्हातारीला बरं वाटंल. बघायला कोण येतंय इथं दौंडला?"

परत येताना रस्ताभर मी तेच वाक्य घोकत होतो. आलं होतं मावशी, पाचवं नाव होतं, स्वच्छ दिसलं. खोटं बोलण्यात माझा हात काही अगदीच कच्चा नव्हता. "दहा मिनिटांत लाइन चालू होईल" हे मी दिवसातून वीस वेळा म्हणायचो.

मावशी दारातच बसल्या होत्या. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी किसनरावांचा, नवा हार घातलेला. शेजारपाजारच्या चार बायकाही आल्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "आलं होतं, मावशी. पाचवं. मी डोळ्यांनी बघितलं."

बायकांनी "आलं का न्हाई" म्हणत मावशींच्या पाठीवर हात ठेवला. मावशींनी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "आन् कुनाकुनाची आली वो? ह्यांच्या वळखीचं कुनी हाय का बगू."

आणि मी, गाढव, खिशातून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. देताना हात मध्येच थांबला होता खरा, पण तोवर कागद गेला होता.

मावशी चौथी शिकलेल्या. एकेका अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायच्या. एक नाव वाचायला त्यांना पाच-सात सेकंद लागत होते. पाचव्या नावाशी बोट जरा थांबलं, मग पुढं सरकलं. अकराव्यापर्यंत गेलं. मग पुन्हा पहिल्यावर आलं आणि पुन्हा शेवटपर्यंत. मी तिथं उभा होतो आणि जमीन काही दुभंगत नव्हती.

"ह्यात न्हाई," त्या म्हणाल्या.

"लिहायचं राहिलं असंल माझ्याकडनं."

मावशींनी माझ्याकडं वर बघितलं. रागानं नव्हे. "दत्ताभाऊ, आमच्या ह्यांचं काम काय हुतं ठावं हाय? रातच्याला सेटावर खिडकीतनं ऊन पाडायचं. खोटं ऊन. मी बगितलंय किती बारीला. खोटं ऊन मला लगीच कळतं."

मी खाली बसलो. खरं ते सगळं सांगितलं, अकरा नावं, चार वेळा टेप, रफिकभाईचा सल्लासुद्धा. मला वाटलं आता मावशी रडतील किंवा मला घालवून देतील. त्या चिठ्ठीकडंच बघत होत्या. आठव्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा पांडुरंग. ह्यांच्या शेजारच्या फळीवर बसायचा. पांडूभावजी गेले व्हय? आमाला कुनी कळवलं न्हाई." मग जरा वेळानं, "त्यांचं आलं. बरं झालं. त्यांच्या मालकिनीनं बगितलं आसंल."

आपल्या नवऱ्याचं नाव आलं नाही हे कळून पाच मिनिटं झाली नव्हती आणि ही बाई दुसऱ्याचं आलं म्हणून बरं मानत होती. मी बरीच मोठी माणसं माझ्या पट्टीवरून सरकवली आहेत. त्यांतल्या एकाचंही मन मला एवढं मोठं दिसलं नाही.

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्साला तेवढा येळ पट्टी काढा. कुनाचं तरी येत आसंल."

संघटनेच्या त्या गृहस्थांना मी नंतर पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. कदाचित त्यांनी नाव कळवलंही असेल आणि वेळेअभावी तिकडंच गाळलं गेलं असेल. त्यांना दोष देण्याचा मला काय अधिकार? आलं असतं तरी मी ते झाकलंच असतं.

गुरुजींनाही मी हे सगळं सांगितलं. त्यांच्या वहीत कथा, अभिनय, संगीत असे रकाने होते. पुढच्या सिनेमापासून त्यांनी एक रकाना वाढवला, "उजेड".

त्यानंतर आमच्याकडं एक रिवाजच पडला. सोहळ्यात श्रद्धांजली लागली की शिरूरमध्ये पट्टी बंद. ती संपली की मी एकच ओळ सोडायचो, आपल्याकडच्या गेलेल्या माणसांची. लोक आठवडाभर आधी दुकानात नावं आणून द्यायचे. थिएटरचा डोअरकीपर, जो उशिरा आलेल्याला बॅटरी दाखवत खुर्चीपर्यंत न्यायचा. पोस्टर रंगवणारा पेंटर, ज्याच्या हातचे सगळे हिरो त्याच्या मेव्हण्यासारखे दिसायचे. जीपवर भोंगा लावून इनामगावपर्यंत तंबूतल्या सिनेमाची हाळी देणारा. थिएटरबाहेर शेंगा भाजणारी आजी. एक जण असा होता की त्याचा सिनेमाशी संबंध काय, तर त्यानं कुठल्याही सिनेमाचा पहिला खेळ चुकवला नव्हता. मी म्हटलं, घ्या, यापेक्षा मोठा संबंध कोणता? मजकूर गुरुजी लिहून द्यायचे. पुढं रफिकभाईनं दौंडलाही हे सुरू केलं, त्याच्याकडं रेल्वेतली माणसं जास्त असायची. बक्षीस कुणाला मिळतं याच्यापेक्षा ती ओळ बघायला माणसं टीव्हीपुढं थांबायला लागली. या ओळीची जागा मी कधी कुणाला विकली नाही. एका पुढाऱ्यानं तीत वडिलांचं नाव घाला म्हणून फार गळ घातली, तेव्हा मी विचारलं, "त्यांनी सिनेमा कधी बघितला होता?" तो म्हणाला, "आमच्या घरात तसलं चालत नाही." म्हटलं, मग कसं जमणार?

आता सगळं डिजिटल झालं, घरोघर सेट टॉप बॉक्स बसले, माझी कंट्रोल रूम गेली आणि पट्टीही गेली. सोहळे चालूच आहेत, पण लोक फोनवर तुकडे बघतात, कुणाचा पोशाख कसा, कोण कुणाशी बोललं नाही. संपादकांच्या प्रश्नाचं माझ्या मापानं खरं उत्तर द्यायचं तर, आज सोहळा मध्येच बंद पडला तर कुणी कुणाच्या दारात भांडायला जाणार नाही. याचं मला वाईट वाटतं. पण माणसाला तो सोहळा का हवा होता, ते मला मावशींच्या दारात कळलं आणि ते कारण काही जुनं झालेलं नाही. मी अजूनही सोहळा बघतो. श्रद्धांजली आली की खुर्ची पुढं ओढतो आणि अगदी तळाची ओळ वाचतो.

पहिल्या वर्षाचं मात्र सांगायचं राहिलं.

त्या वर्षी श्रद्धांजली किती वाजता येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सुरुवातीपासून बोट बटणावर ठेवून बसलो. साहेबांचा वाढदिवस याही वेळी त्याच आठवड्यात होता, पट्टी जोरात फिरत होती. दोन तासांनी दिव्याचं चित्र आलं आणि मी बटण दाबलं. गावातल्या सगळ्या टीव्हींचा तळ मोकळा झाला. नावं आली, एकेक करून गेली. कुणाची होती मला माहीत नाही, पण शिरूरनं ती वाचली.

दिवा विझला तशी मी तयार ठेवलेली ओळ सोडली. लाल जमीन नाही, पिवळी अक्षरं नाहीत, साधी पांढरी. मावशींचं बोट चिठ्ठीवरून ज्या गतीनं सरकलं होतं, ती गती मी विसरलो नव्हतो. पट्टी मी तेवढीच हळू केली होती, इतकी हळू की मशीन अडकलं की काय असं वाटावं.

"किसन भिवा साळवे, शिरूर. तीस वर्षं लाइटमन. यांचं नाव गेल्या वर्षी राहिलं होतं."

ओळ उजवीकडून निघाली आणि डावीकडं पोचेपर्यंत मला युगं लोटल्यासारखं वाटलं. मी ती तीनदा फिरवली. तोवर फोन खणखणायला लागला. मला वाटलं कार्यकर्ते असणार, वाढदिवस कुठं गेला म्हणून. उचलला, तर पलीकडं नुसता धापा टाकण्याचा आवाज.

"दत्ताभाऊ, मी इंदू साळवे बोलतीया. फोनच्या बूथवरनं."

"बोला, मावशी."

"वाचलं. समदं वाचता आलं." मग नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "आता वाडदिवसाचं यिऊं द्या. ती लोकं बी वाट बगत आसत्याल."